ऐंशीव्या वर्षी पक्ष काढणारे आजोबा



संध्याकाळी कोणत्याही सोसायटीच्या बाकावर जाऊन बसा. निवृत्त मंडळींच्या गप्पा गुडघेदुखीवरून सुरू होतात आणि दहा मिनिटांत देशावर येतात. म्हणणं साधारण ठरलेलं असतं. सरकारनं लोकांना आयतं घ्यायची सवय लावली, मुलांना कर्जाची भीती उरली नाही, धर्माचा धाक गेला, आता पुढच्या पिढीचं कसं होणार? घरातली तरुण मुलं "आजोबा, तुमचा जमाना गेला" म्हणतात आणि मोबाइलमध्ये डोकं घालतात. आपण बायका चहा टाकायच्या निमित्ताने आत जातो.

आज अशाच एका आजोबांविषयी लिहायचं आहे. ते खरोखरच निवृत्त होते. देशातलं सर्वांत मोठं पद भोगून झालं होतं, भारतरत्न मिळालं होतं, नातवंडं मोठी होत होती, रामायण-महाभारतावरची पुस्तकं लोक आवडीने वाचत होते. अशा वेळी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांना वाटलं की देश चुकीच्या वाटेने चालला आहे, आणि त्यांनी नवा राजकीय पक्ष काढला. ते म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारी. सगळा देश त्यांना राजाजी म्हणायचा.

आमच्या पिढीच्या शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर एकच ओळ असायची, "स्वतंत्र भारताचे पहिले आणि शेवटचे भारतीय गव्हर्नर जनरल." त्या ओळीपलीकडचा माणूस मला बऱ्याच उशिरा भेटला. आणि भेटल्यावर वाटलं, घरातल्या वडीलधाऱ्यांचं राजकारण कसं ऐकावं आणि कशावर घासून बघावं, हे या माणसाच्या आयुष्यावरून नीट कळतं.

कोण होते राजाजी

जन्म १० डिसेंबर १८७८, आजच्या तामिळनाडूतल्या थोरापल्ली गावात. सेलमला वकिली उत्तम चालायची. पत्नी लवकर गेली, पदरात पाच मुलं. गांधीजींच्या चळवळीत आले आणि वकिली सोडली. १९३० मध्ये गांधीजी दांडीला गेले, तसा दक्षिणेत वेदारण्यमचा मिठाचा सत्याग्रह राजाजींनी केला. १९३७ ते १९३९ ते मद्रास प्रांताचे पंतप्रधान होते, कारण प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधानच म्हणत. स्वातंत्र्यानंतर पश्चिम बंगालचे राज्यपाल झाले. मग जून १९४८ ते २६ जानेवारी १९५० गव्हर्नर जनरल. सरदार पटेल गेल्यावर काही महिने देशाचे गृहमंत्री. १९५२ ते १९५४ मद्रासचे मुख्यमंत्री. १९५४ मध्ये भारतरत्न पहिल्यांदाच दिलं गेलं, ते तिघांना. सर्वपल्ली राधाकृष्णन, सी. व्ही. रामन आणि राजाजी.

आणि एक नातं आपल्या घरगुती भाषेत सांगण्यासारखं आहे. राजाजी गांधीजींचे व्याही. राजाजींची मुलगी लक्ष्मी आणि गांधीजींचा धाकटा मुलगा देवदास यांचं एकमेकांवर मन बसलं. दोन्ही वडिलांनी सांगितलं, काही वर्षं एकमेकांपासून लांब राहा, तरीही मन तसंच राहिलं तर लग्न लावून देऊ. मुलांनी ती परीक्षा दिली. १६ जून १९३३ रोजी लग्न लागलं ते आपल्या पुण्यात, लेडी ठाकरसींच्या पर्णकुटी बंगल्यात. पौरोहित्य केलं तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी. मुलगी ब्राह्मणाची, मुलगा वाण्याचा. त्या काळच्या सनातनी शास्त्राला हे उलट्या दिशेचं लग्न मुळीच मान्य नव्हतं.

हे मुद्दाम सांगितलं. राजाजींना लोक 'जुन्या विचारांचे' म्हणत आणि स्वतः त्यांनाही तो शिक्का खुपत नसे. पण जुन्या विचारांचा माणूस म्हणजे प्रत्येक जुनी गोष्ट धरून बसणारा, असं नसतं. मुख्य मंत्रिपदावर असताना १९३९ मध्ये हरिजनांच्या मंदिरप्रवेशाला कायद्याचं संरक्षण देणारे हेच होते. काय सोडायचं आणि काय जपायचं याचा हिशोब त्यांच्याकडे होता.

तुरुंगातली काळजी

भविष्याची काळजी राजाजींना म्हातारपणी लागली नाही. १९२१-२२ मध्ये ते वेल्लोरच्या तुरुंगात होते, वय ४३. तिथे लिहिलेल्या रोजनिशीत त्यांनी एक वेगळीच गोष्ट नोंदवली. बाकीचे स्वराज्याच्या स्वप्नात असताना त्यांनी लिहिलं की स्वराज्य आल्यावर लगेच लोक सुखी होतील असं समजू नका. निवडणुका आणि त्यातला भ्रष्टाचार, पैशाची मग्रुरी, कारभारातला ढिसाळपणा यांनी लोक इतके त्रासतील की काहींना मागचे दिवस बरे वाटतील. आशा एकाच गोष्टीची, की सगळ्यांना असं शिक्षण मिळावं ज्यातून लहानपणापासून चांगली वर्तणूक आणि धर्मभय अंगी येईल.

स्वराज्याला अजून पंचवीस वर्षं होती. आणि लिहिणारा त्या स्वराज्यासाठीच तुरुंगात बसलेला होता. म्हणजे काळजी करणारा माणूस देशाच्या विरोधात असतो, असं धरून चालू नये. शिक्षणाची ही गोष्ट मात्र लक्षात ठेवा, पुढे तिच्यापाशी परत यायचं आहे.

परमिट म्हणजे काय असतं

आता थोडा हिशोबाचा भाग. मी बी.कॉम. झाले तेव्हा १९५१ चा उद्योग विकास व नियमन कायदा आम्हाला अभ्यासाला होता. यादीतल्या उद्योगात कारखाना काढायचा तर परवाना. आहे तो वाढवायचा तर परवाना. त्याच कारखान्यात नवी वस्तू बनवायची तरी परवाना. हेतू वाईट नव्हता. देश गरीब, भांडवल थोडं, ते योग्य ठिकाणी लागावं म्हणून सरकार ठरवणार, असा विचार होता. इंग्रज नुकतेच गेले होते आणि व्यापाऱ्यांनी युद्धाच्या काळात काळाबाजार केलेला लोकांनी डोळ्यांनी पाहिला होता. त्यामुळे सरकारवर विश्वास जास्त आणि दुकानदारावर कमी, हे समजण्यासारखं आहे.

राजाजींचा आक्षेप त्याच्या पुढच्या पायरीवर होता. ज्याच्या हातात परवाना देण्याचा अधिकार, त्याच्या दारात रांग लागणार. रांगेत पुढे जाण्यासाठी काही जण पैसे देणार. पैसे घेणारा पुढे निवडणूक लढवणार. मग जो माल चांगला बनवतो त्याच्यापेक्षा जो साहेबाला ओळखतो तो मोठा होणार. या सगळ्याला त्यांनी नाव दिलं, लायसन्स-परमिट राज. आज हा शब्द सगळे वापरतात, पण तो कुणी रुळवला हे फारसं कुणाला आठवत नाही.

हे ते नुसतं बोलत नव्हते. १९५२ मध्ये मद्रासचे मुख्यमंत्री झाल्याबरोबर त्यांनी धान्यावरचं नियंत्रण आणि रेशनिंग उठवलं. धान्य गायब होईल, भाव भडकतील, अशी भीती अनेकांना होती. तसं झालं नाही. लपवलेलं धान्य बाजारात आलं. मग दिल्लीत अन्नमंत्री रफी अहमद किडवई यांनीही तीच वाट धरून देशभरातली नियंत्रणं सैल केली.

आपल्या घरांना ही नियंत्रणं कशी लागली ते थोडं आठवून बघा. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं. चीनच्या युद्धानंतर परकीय चलन वाचवायचं होतं, म्हणून १४ कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. देशभरातल्या सोनारांच्या हातचं काम गेलं. १४ कॅरेटची अट पुढे निघाली, पण १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याची बंधनं १९९० पर्यंत राहिली. कराचं तर विचारूच नका. १९५७ मध्ये संपत्ती कर आणि खर्चावरचा कर, १९५८ मध्ये भेटींवरचा कर. १९७३-७४ मध्ये सर्वांत वरच्या टप्प्यावर आयकर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. म्हणजे त्या टप्प्यातल्या शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये हातात. अशा दराला प्रामाणिक माणूस काय करणार आणि अप्रामाणिक माणूस काय करणार, हे सांगायला बी.कॉम.ची पदवी लागत नाही. 'एक नंबर' आणि 'दोन नंबर' हे शब्द त्याच काळात आपल्या बोलण्यात पक्के रुजले.

पक्ष निघाला

जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन आपल्या नागपूरला झालं. तिथे ठराव झाला की पुढे शेती संयुक्त सहकारी पद्धतीने व्हावी. जमिनी एकत्र करायच्या, मालकी नावावर राहणार, पण कसणं सगळ्यांचं मिळून. काँग्रेसमध्येही चौधरी चरणसिंगांसारख्यांनी याला जोरदार विरोध केला. राजाजींना वाटलं, आज मालकी कागदावर राहील आणि उद्या कागदही राहणार नाही. त्याच वर्षी जूनमध्ये मद्रासला स्वतंत्र पक्षाची घोषणा झाली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत त्याचं पहिलं अधिवेशन भरलं. अध्यक्ष शेतकरी नेते एन. जी. रंगा, सरचिटणीस मुंबईचे मिनू मसानी. कन्हैयालाल मुनशीही बरोबर होते.

पक्षाची २१ तत्त्वं होती. त्यातली दोन मला विशेष वाटतात. एक म्हणजे गांधीजींचा विश्वस्ताचा विचार. श्रीमंतानं आपली संपत्ती समाजाची ठेव समजून सांभाळावी. दुसरं शेवटचं तत्त्व. या मूळ गोष्टी सोडून बाकी कोणत्याही प्रश्नावर पक्षाच्या सभासदाला स्वतःच्या मनाप्रमाणे बोलण्याची आणि मत देण्याची मोकळीक. आज कोणत्या पक्षात असं चालेल, सांगा!

१९६२ च्या लोकसभेत पक्षाचे १८ खासदार आले, १९६७ मध्ये ४४. त्या लोकसभेत तो सर्वांत मोठा विरोधी गट होता. ओरिसात तर त्यांनी आघाडी करून सरकारही चालवलं. राजाजींचं म्हणणं होतं की लोकशाहीत एकच पक्ष मोठा राहिला तर त्याला स्वतःच्या चुका दिसेनाशा होतात, म्हणून दुसरी बाजू मांडणारा हवाच. आपल्याला हे पटायला अवघड नाही. एकच बाजू संपूर्ण सत्य धरून बसणं म्हणजे एकांत, आणि आपला धर्म अनेकांताचा.

आनंद श्रावकाचं परिमाण

आता मूळ मुद्दा. राजाजींच्या विचाराची मुळं बाजारात नव्हती. त्यांचं म्हणणं होतं की माणसाला आवरणारी खरी गोष्ट धर्म. इथे धर्म म्हणजे पूजापाठ नव्हे, तर आपल्या आत बसलेली मर्यादा. ती आतून असेल तर सरकारला थोडंच काम उरतं. ती आतून गेली तर कितीही कायदे करा, पळवाट सापडते. आणि सरकारनं सगळीच मर्यादा बाहेरून लादली, तर आतली वापराविना गंजून जाते.

हे वाचताना मला उपासकदशांग सूत्रातला आनंद श्रावक आठवतो. आनंद वाणिज्यग्रामचा गाथापती. चार कोटी सुवर्णमुद्रा ठेव म्हणून, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरसंसारात. दहा-दहा हजार गाईंचे चार गोकुळ. भगवान महावीरांच्या समोर त्यानं बारा व्रतं घेतली आणि परिग्रहाचं परिमाण केलं. एवढी संपत्ती, एवढे नांगर, एवढ्या गाड्या, याच्या पुढे नाही. दात घासायची काडी कोणती आणि फळ कोणतं, इथपर्यंत मर्यादा सांगितली. भगवंतांनी त्याच्या घरी शिपाई पाठवून मोजणी केली नाही. आनंद स्वतः उठला, स्वतः बोलला आणि स्वतः पाळलं. आजही आपण चातुर्मासात नियम घेतो, तेव्हा कुणी तपासायला येत नाही. म्हणून तर त्याची किंमत.

कमाल मर्यादा दोन्हीकडे आहे. एक व्रताची, एक कायद्याची. राजाजींचा जीव पहिलीत होता.

पण इथे थांबले तर मी अर्धीच बाजू सांगितली असं होईल. प्रश्न असा की असे आनंद श्रावक किती? आपल्या महाराष्ट्रात कूळकायदा आला. १९४८ चा कायदा, त्यात १९५६ मध्ये दुरुस्ती, आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांत आपल्या समाजातलीही घरं होती आणि त्यांचं दुःख आपण ऐकलेलं आहे. पण पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याच्या शेतात घाम गाळणाऱ्या कुळानं मालकाला कधी व्रत घ्यावंसं वाटेल याची वाट किती वर्षं बघायची होती? विश्वस्ताचा विचार सुंदर आहे, पण ठेव ज्याची आहे त्याला ती कधीच परत मिळाली नाही तर तो विश्वस्त कसला? स्वतंत्र पक्षाच्या व्यासपीठावर संस्थानिक आणि मोठे जमीनदार बरेच दिसायचे, जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी तर विक्रमी मतांनी निवडून आल्या. गरीब माणसाला तो पक्ष आपला वाटला नाही, यात नवल नाही.

जिथे त्यांनी स्वतःच लादलं

राजाजींना त्यांच्याच तराजूत घालून बघितलं की एक गोष्ट दिसते. सत्तेत असताना त्यांनी जेव्हा जेव्हा वरून लादलं, तेव्हा तेव्हा ते फसले.

१९३८ मध्ये मद्रास प्रांताच्या शाळांत त्यांनी हिंदी सक्तीची केली. देशाला एक भाषा हवी, हा हेतू. तामिळ लोक पेटून उठले, पेरियार तुरुंगात गेले, हजारावर लोकांना अटक झाली, दोन तरुण कैदेत असताना मरण पावले. १९४० मध्ये सक्ती मागे घेतली गेली. पुढे हेच राजाजी हिंदी लादण्याच्या विरोधात उभे राहिले आणि १९६५ च्या भाषा आंदोलनाच्या काळात इंग्रजी राहू द्या म्हणून सांगत होते. लोकांनी टोमणे मारले. मला मात्र साठीनंतर मत बदलू शकणाऱ्या माणसाचं कौतुक वाटतं.

दुसरी गोष्ट जास्त जिव्हारी लागणारी. तुरुंगाच्या रोजनिशीत ज्यांनी सगळी आशा शिक्षणावर ठेवली, ते शिक्षणातच ठेचकाळले. १९५३ मध्ये त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी नवी योजना आणली. मुलांनी अर्धा वेळ शाळेत यावं आणि उरलेला वेळ घरी आईवडिलांचं काम शिकावं. पैसे नव्हते, शिक्षक कमी होते, दोन पाळ्या केल्या तर तेवढ्यातच दुप्पट मुलं शिकतील, असा हिशोब. कागदावर हिशोब बरोबर. पण कुंभाराच्या मुलानं चाकावर, चांभाराच्या मुलानं कातड्यावर आणि भटजींच्या मुलानं पोथीवर बसायचं, असा त्याचा अर्थ लोकांना दिसला. "कुलकल्वी", म्हणजे कुळाच्या धंद्याचं शिक्षण, असं त्याला नाव पडलं. ज्यांना त्या धंद्यातून आपली मुलं बाहेर काढायची होती, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आधीच राजाजी निवडणूक न लढवता, राज्यपालांच्या नेमणुकीने विधान परिषदेत येऊन मुख्यमंत्री झालेले होते. १९५४ मध्ये त्यांना जावं लागलं. कामराज आले, त्यांनी योजना बंद केली, गावोगावी शाळा काढल्या आणि १९५६ पासून मुलांना शाळेत दुपारचं जेवण देणं वाढवलं. उपाशी पोराला आधी जेवायला घाला, मग शाळेत बसवा, हे कमी शिकलेल्या कामराजांना जास्त कळलं.

दारूबंदीचं काय म्हणावं? १ ऑक्टोबर १९३७ ला त्यांनी सेलम जिल्ह्यात दारूबंदी सुरू केली. तीही वरूनच आलेली, पण तिथल्या बायकांना ती हवी होती. दारूचं उत्पन्न गेलं, तिजोरीत खड्डा पडला, तो भरायला १९३९ मध्ये त्यांनी सर्वसाधारण विक्रीकर आणला. अशा कराची देशातली ती सुरुवात. आज किराणा सामानाच्या बिलावर जो जीएसटी दिसतो, त्याचं मूळ शोधत मागे गेलं तर एका दारूबंदीपाशी पोचतो, हे मला वाचेपर्यंत माहीत नव्हतं. १९७१ मध्ये तामिळनाडूत दारूबंदी उठवायचं ठरलं, तेव्हा नव्वदी ओलांडलेले राजाजी मुख्यमंत्री करुणानिधींना विनवायला त्यांच्या घरी गेले. ऐकलं गेलं नाही.

केनेडींच्या भेटीला

आजोबांची काळजी आपल्या देशापुरती नव्हती. अणुबाँबच्या चाचण्यांनी जग नासणार, हे ते वर्षानुवर्षं लिहीत होते. आधी दुसऱ्यानं टाकावा मग मी टाकेन, असं म्हणत बसलात तर शस्त्र कधीच खाली पडणार नाही, एकानं स्वतःहून सुरुवात करावी, हे त्यांचं म्हणणं. सप्टेंबर १९६२ मध्ये गांधी शांती प्रतिष्ठानच्या शिष्टमंडळातून ते अमेरिकेला गेले आणि अध्यक्ष केनेडींना भेटले. वय ८३. पाश्चात्य देशात ते पहिल्यांदाच पाऊल ठेवत होते. एक धोतर-उपरण्यातला म्हातारा जगातल्या सर्वांत बलवान माणसाला सांगतो आहे की चाचण्या थांबवा, मुलाबाळांचा विचार करा. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९६३ मध्ये, हवेतल्या चाचण्या थांबवण्याचा करार मोठ्या देशांत झाला. तो राजाजींमुळे झाला असं मी म्हणणार नाही. पण आतून आलेली मर्यादा हा जो विचार त्यांनी दुकानदाराला लावला, तोच महासत्तेला लावला. माणूस एकाच मापाने मोजत होता.

मग कोण बरोबर ठरलं?

१९७१ च्या निवडणुकीत स्वतंत्र पक्षाचे फक्त ८ खासदार आले. २५ डिसेंबर १९७२ ला, वयाच्या ९४व्या वर्षी, राजाजी गेले. दोन वर्षांत पक्षही दुसऱ्या पक्षात विलीन झाला. हरलेल्या म्हाताऱ्याची गोष्ट म्हणून तो विषय संपला असता. पण जुलै १९९१ मध्ये देशाकडे परकीय चलन उरलं नाही, आणि सरकारनं अठराच उद्योग सोडून बाकी सगळ्यांचे परवाने रद्द केले. १९५९ मध्ये ज्यांना प्रतिगामी म्हटलं, त्यांचं म्हणणं बत्तीस वर्षांनी सरकारी धोरण झालं. नागपूर ठरावाची संयुक्त शेती तर कधी उभीच राहिली नाही. महाराष्ट्रात शरद जोशींनी १९९४ मध्ये पक्ष काढला, त्याचं नावही स्वतंत्र भारत पक्ष ठेवलं.

तरीही राजाजी सगळ्यात बरोबर होते असं म्हणता येत नाही. परमिटबद्दल बरोबर, शाळेबद्दल चूक. लादलेल्या मर्यादेला भ्रष्टाचार चिकटतो हे बरोबर. पण ज्याच्याकडे काहीच नाही त्याला दुसऱ्याच्या आतल्या धर्मावर सोडून देता येत नाही, हे त्यांना पुरेसं दिसलं नाही.

शेवटी नातवंडांचं सांगते. लक्ष्मी आणि देवदास यांना चार मुलं. दोन्ही आजोबा असे की घरात श्वास घेणं कठीण व्हावं! त्यांतल्या राजमोहन गांधींनी आजोबांचं मोठं चरित्र लिहिलं. १९८९ मध्ये ते स्वतः अमेठीतून राजीव गांधींच्या विरोधात उभे राहिले आणि हरले. गोपालकृष्ण गांधी २००४ मध्ये पश्चिम बंगालचे राज्यपाल झाले, म्हणजे ज्या पदावर १९४७ मध्ये आजोबा होते त्याच पदावर. दोघांनी आजोबांना समजून घेतलं, पण आजोबांचा पक्ष किंवा विचार जसाच्या तसा उचलला नाही. आजोबांनीही, जो माणूस पक्षाच्या सभासदाला स्वतःच्या मनाने मत द्यायला सांगत होता, त्यांनी नातवांकडून वेगळी अपेक्षा केली नसती असं मला वाटतं.

तेव्हा पुढच्या वेळी घरातले आजोबा देशाचं कसं होणार म्हणून सुरू झाले, तर चहा टाकून पाच मिनिटं बाहेर येऊन बसा. त्यांना दोन गोष्टी विचारा. तुम्ही जे जपायला सांगताय, ते तुमच्या स्वतःच्या सोयीचं आहे की नातवाच्या? आणि ते तुम्ही स्वतः किती पाळलंत? उत्तर ऐकताना मोबाइलवाल्या नातवालाही शेजारी बसवा, कारण त्याच्याकडेही विचारण्यासारखा एक प्रश्न असतो. ज्यांना यातून बाहेर पडायचं आहे, त्यांना तुम्ही विचारलंत का, आजोबा?

या चातुर्मासात परिग्रहाचं परिमाण घेणार असाल, तर यादी घरातल्या सगळ्यांनी मिळून करा. आजोबांनी सांगायची आणि सुनेनं लिहायची, असं नको. प्रत्येकाची ओळ प्रत्येकाच्या हाताने लिहू दे.